स्टॉलवरची पाटी

नोव्हेंबरमधला मंगळवार, सकाळपासून ढगाळ, वारा अगदी पडलेला. माझ्या रोजनिशीत एवढंच आहे, पुढचं तोंडीच सांगतो.

काशीदच्या वहिनीचे सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी, सुकून तयार होते. संध्याकाळी व्यापारी येणार होता. त्याआधी ईमेलवर गिऱ्हाईक मिळालं नाही तर तो म्हणेल त्या भावाने माल द्यावा लागणार होता. तिच्या स्टॉलवरच्या वहीत गिऱ्हाइकांनी लिहिलेले एक्केचाळीस ईमेल पत्ते होते.

मी म्हटलं, "आधी सगळ्यांना पत्त्याची खात्री करायला एक लिंक पाठवू. दाबेल त्याचंच नाव यादीत घालायचं, मग त्या यादीला सोड्यांचा मेल."

"भावोजी, त्यांनी सोताच्या हातानं लिवून दिलंय. आता परत काय इचारायचं?"

"पत्ता चुकला असेल तर मेल परक्याला जातो. तक्रार होते."

लिंक पाठवली. दुपारपर्यंत कुणीच दाबली नाही. मी ताटावरून दोनदा उठून पाहून आलो.

चार वाजता अलिबागच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अहो, तुमच्या नावानं कुणीतरी लिंका पाठवतंय. अनोळखी लिंक दाबू नका, अशी पाटी तुम्हीच लावलीत ना स्टॉलवर? मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सावध केलंय. तुम्ही काळजी करू नका."

सहा वाजता यादीत एकच पत्ता होता, चाचणीसाठी घातलेला माझा. सोडे व्यापाऱ्याने नेले.