मागच्या झाकणावरच्या तारखा

वहिनी : तोंड जरा गंभीर ठेवा, मिस्त्री. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात ना, तसं.

मिस्त्री : वहिनी, पट्टा तुटलाय नुसता. माझ्या पिशवीत दोन आहेत. पंधरा मिनिटांत मशीन कपडे धुवायला लागेल.

वहिनी : ते दोन्ही पिशवीतच राहू द्या. हे दाढी करून येतील एवढ्यात. ‘याचे पार्ट यायचे बंद झाले’ एवढंच म्हणायचं.

मिस्त्री : गिऱ्हाइकाशी खोटं नाही बोलवत हो.

वहिनी : यांच्यापासून अकरा दुरुस्त्या लपवल्यात, तेव्हा?

मिस्त्री : गप्प बसणं वेगळं.

वहिनी : हे मनगट बघा. रुमाल पिळवत नाही. या टबातले ओले कपडे उचला, त्या टबात कोंबा. सव्वीस वर्षं झाली. नव्या मशीनमध्ये सगळं एकाच टबात होतं म्हणे.

मिस्त्री : होतं. पण असलं लोखंड आता मिळायचं नाही, वहिनी.

वहिनी : लोखंड त्याला आहे. मला नाही.

नवरा : अरे वा, आलात का? आमच्याकडे पहिल्यांदाच पाय लागले तुमचे. सव्वीस वर्षांत या मशीनच्या स्क्रूला हात लावावा लागला नाही बघा. लेकाच्या नव्या मशीननं दोन वर्षांत मान टाकली.

वहिनी : मिस्त्री काहीतरी सांगतायत.

मिस्त्री : साहेब, ते पार्टचं असं आहे…

नवरा : आणि या काढून ठेवलेल्या मागच्या झाकणावर आतून हे काय खरवडलंय? तारखा?

मिस्त्री : सवय आहे. काम केलं की टोच्यानं तारीख घालून ठेवतो.

नवरा : तुम्ही? नऊ, दहा… अकरा?

(मिस्त्री पिशवीत डोकं घालून उगाच काहीतरी शोधू लागतो.)

नवरा : ही तर मी आठ दिवस ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हाची.

वहिनी : तुम्ही तिकडे शिकत होतात, मिस्त्री इकडे मोटर बदलत होते.

नवरा : अगं, मग सांगायचं नाही?

वहिनी : पहिल्या वेळी सांगणारच होते. तर तुम्ही दारात शेजाऱ्यांना सांगत होतात, माझी निवड बघा, चार वर्षांत एक तक्रार नाही. चेहरा असा काही खुलला होता. राहिलं. दुसऱ्यांदा सांगायचं, तर पहिलंही सांगावं लागलं असतं.

नवरा : आणि आज माझ्यादेखत बोलावलंस?

वहिनी : आज मला ते दुरुस्त करून नकोच होतं.

नवरा : म्हणजे?

वहिनी : टबात चादरी आहेत. एक उचलून पलीकडे टाका, म्हणजे कळेल.

नवरा : त्यात काय एवढं… ही वर का येईना?

वहिनी : हळू. पाठ धरेल.

नवरा : दर वेळी एवढी जड असते?

वहिनी : ब्लँकेट याहून जड.

नवरा : मिस्त्री, नवीन मशीन किती टिकतं हो?

मिस्त्री : सात वर्षं. फार तर आठ.

नवरा : चालतील. उद्या जाऊन घेऊन येऊ. मात्र बिघडलं की माझ्यासमोर उघडायचं.

मिस्त्री : बरं साहेब.

वहिनी : आधी ती चादर सोडा खाली. मघापासून धरून उभे आहात.