एक खोली, एक पलंग

आदरणीय अध्यक्ष महाशय, शेजारी बसलेले संपादकसाहेब, आपल्या वृत्तपत्राच्या मालकीणबाई, सहकारी मित्रमैत्रिणींनो, आणि शेवटच्या रांगेत दाराला चिकटून बसलेले आमचे चष्मेवाले! माझ्या या निरोपसमारंभाच्या निमंत्रणावर 'सहकुटुंब' छापलं होतं. गेली एकवीस वर्षं माझं कुटुंब म्हणजे तेच.

अध्यक्षांनी आत्ता माझ्या प्रवाससदराला 'निसर्गाचं वेड' म्हटलं. आभारी आहे. पण डोंगरदऱ्यांवर सगळेच लिहितात हो! माझ्या प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेलं असायचं: 'आम्ही दोघांनी एक खोली, एक पलंग मागितला, मिळाला.' आधीचे संपादक आम्हा दोघा पुरुषांना काटकसरी मित्र समजायचे. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळायचं. त्यांची पत्रं यायची, 'तुमच्या भरवशावर आम्हीही गेलो. आयुष्यात पहिल्यांदा दार लावून निवांत झोपलो.' मोर्च्यात घोषणा द्यायला माझा आवाज कधी फुटला नाही. ते वाक्य हाच माझा मोर्चा.

नियम एकच होता, स्वतः राहिल्याशिवाय लिहायचं नाही. गेल्या वर्षी चष्मेवाले आजारी पडले आणि तळ्याकाठच्या लॉजबद्दल मी जुन्या वहीवरून लिहून टाकलं. मधल्या काळात तिथला मालक बदलला होता. मला काय ठाऊक? ठाऊक असायला हवं होतं! दोन तरुण माझ्या लेखाचं कात्रण घेऊन गेले. नव्या मालकानं त्यांना कोंडलं, दोघांच्या घरी फोन केले. एकानं आठवड्याभरात जीव दिला. दुसरा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. शिवी नाही, आरडाओरडा नाही. कात्रण ठेवलं आणि म्हणाला, "काका, अजून कोणी जायच्या आत काहीतरी छापा."

संपादकसाहेब, ते 'काहीतरी' नऊ आठवडे तुमच्या खणात पडून आहे. 'निवृत्तीच्या तोंडावर कशाला वाद,' म्हणालात. उद्यापासून मला सदर नाही, टेबल नाही. मी कोणाच्या पाया पडू? हे मानपत्र परत घ्या, पण तेवढ्या तीन ओळी घाला. घड्याळ बघू नका, वाचूनच दाखवतो: 'तळ्याकाठच्या लॉजवर जाऊ नका. मी तिथे न जाता लिहिलं. माझ्यामुळे एक माणूस गेला.'

असो. मालकीणबाईंचे, छपाईखात्याचे, माझे कागद सांभाळणाऱ्या शिपाईमामांचे मनापासून आभार. आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. लेखात झालं ते मात्र पोटात घालू नका. ते छापा.