पाचव्यांदा गाडीवरून पडल्याबाबत

दिनांक ०९/०५/२०२०

मी सौ. रेणुका भागवत गिराम, वय ३१ वर्षे, धंदा शेती व घरकाम, शिक्षण दहावी, रा. बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, माझा जबडा तारेने बांधलेला असल्याने मी पाटीवर लिहीत आहे व ठाण्यातील महिला पोलीस ते कागदावर उतरवून घेत आहेत. पाटी माझी मुलगी अपेक्षा हिची आहे. शाळा बंद असल्याने ती रिकामीच होती.

दि. ०३/०५ रोजी सकाळी नऊच्या सुमारास माझा जबडा मोडला. पती भागवत यांनी दवाखान्यात "मोटारसायकलीवरून पडली" असे सांगितले. आमच्या गल्लीत बाईच्या तोंडाला लागले की हेच सांगतात, मग कोणी जास्त विचारत नाही. यापूर्वी मी अशी चार वेळा पडले आहे. मी मागे बसते. पुढे बसणारे पती एकदाही पडलेले नाहीत.

दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर रंगनाथ रजिस्टर चाळून म्हणाले, "पयले बाजाराच्या दिवशी गाडीवरून पडलेले गडीच यायचे. आता रस्त्यावर गाडी न्हाई, अन् बायाच पडायल्यात." दवाखान्याने ठाण्यात कळवले. संचारबंदीत गाडी फिरवली म्हणून पतीवर गुन्हा दाखल झाला व दुसऱ्या दिवशी गाडी जप्त झाली.

सदर गाडीच्या सीटवर टोपले बांधून सासूबाई सरजाबाई यांनी दि. १८/०४ रोजी खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली होती. मुंगसाची भीती होती. कोंबडी उठेना व हवालदारांना टोचू लागली, म्हणून गाडी कोंबडीसह टेम्पोत आणली. पंचनाम्यात अकरा अंडी नमूद आहेत. सासूबाई रोज तोंडाला पदर बांधून ठाण्यात ज्वारी टाकायला येतात. त्यांना कोणी अडवत नाही.

आज सकाळी ठाण्याच्या आवारात नऊ पिल्ले निघाली. गाडी सोडवायला आलेले पती हवालदारांना म्हणाले, "मोजा साहेब, आज बरोबर एकवीस दिवस झाले. सीटवर कोंबडी बसलेली, मग मी बसलो कुठं? गाडी जागची हाललीच न्हाई." हवालदारांनी बोटे मोजून ते मान्य केले. मग विचारले, "मग बाई कशावरून पडली?"

सासूबाई पिल्लांकडे बघत राहिल्या. पती मला म्हणाले, "रेणुका, भिऊ नको. खरं काय ते लिहून दे." लग्नाला बारा वर्षे झाली, असे ते पहिल्यांदाच म्हणाले. मला फार हसू आले, पण तारेमुळे हसता आले नाही.

तरी खरे असे आहे की, त्या सकाळी तंबाखूची पुडी सापडेना, ती मी लपवली असे म्हणून पतीने पितळी तांब्या माझ्या तोंडावर मारला. पुडी त्यांच्याच खिशात निघाली. मागच्या चारही वेळा मी गाडीवरून पडले नव्हते. त्यातल्या एका वेळी तर गाडी दुरुस्तीला जिंतूरला होती.

गाडी पतीला परत द्यावी. तिचा काही दोष नाही. मी मात्र तिच्यावर बसून घरी जाणार नाही. मला व अपेक्षाला मानवत येथे माझा भाऊ योगीराज याच्याकडे जाण्याचा पास मिळावा व कारणाच्या रकान्यात हा जबाब जोडावा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी पाटीवर लिहिल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचतेवेळी पती दाराशी गाडीच्या चावीसाठी उभे होते, म्हणून पोलीस बाईंना मी खूण करून तो पुन्हा एकदा, मोठ्याने वाचायला लावला.