सगुणाला न दिसलेला स्वर्ग

मंडळी, बसलात का नीट? ते मागचे दोघं उभे आहेत — बसा! उभं राहिलं म्हणजे मधूनच सटकता येतं, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं कीर्तन करतोय मी! बसा, बसा. जमखाना मोठा आहे.

आता एक प्रश्न विचारतो. तोंडानं उत्तर देऊ नका. पोटात द्या, कारण प्रश्न पोटाचाच आहे. शेजारच्या घरी प्रभू आला, तर आपल्या पोटात का दुखतं?

आपणच रोज प्रार्थनेत म्हणतो ना — ये प्रभू, ये! आणि तो आला, पण शेजारच्या दारात शिरला, की लगेच आपलं सुरू — "हिच्यात असं काय आहे हो?" हसू नका बायांनो! पुरुषांचंही सांगतो. शेजाऱ्याच्या उसाला आधी तोड मिळाली, तर त्या दिवशी तुम्हाला जेवण गोड लागतं का? नाही ना? मग झालं तर. सायमन, ढोलकीवर धर ठेका —

परक्याच्या दारी । दिवा कोणी लावी ।
माझी का जळावी । वात उरी ॥

बास. आता ऐका.

राहुरीच्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही! कारण मी नाव घेतलं, की तिथली कुणाची तरी मावशी इथंच बसलेली निघते. त्या गावात कसब्यांचं ख्रिस्ती घर. दोन भाऊ. थोरला शांतवन, शाळेत मास्तर. धाकटा देवदान, टेम्पो चालवतो. घर एक, अंगण एक, चुली दोन. थोरल्याची बायको सगुणा, धाकट्याची इस्तेर. सगुणाला दोन लेकरं — सहा वर्षांची तबिथा आणि पाच वर्षांचा आशेर. इस्तेरला एकच पोर, नओमी. तीन वर्षांची, बोबडी, आणि नाक कायम वाहतं.

नाताळाला महिना राहिला होता. आपल्यात कसं असतं, नाताळाचे कपडे आधीच घेऊन ठेवायचे. सगुणानं आशेरला बूट घेतले. काळे, चकचकीत, आत लाल कापड. पोरगं दिवसातून चारदा पेटी उघडून बघायचं. "आई, एकदा घालू?" सगुणा म्हणायची, "नाताळाला घालायचे रे राजा. आत्ता मळतील."

आणि मंडळी, ताप आला. साधा ताप म्हणाले. तो डोक्यात गेला. चौथ्या दिवशी आशेर गेला.

बूट मळले नाहीत.

त्या आईनं काय केलं माहितीये? बूट पेटीत ठेवले, आणि दर शनिवारी बाहेर काढून पुसायची. पुसायची आणि पुन्हा ठेवायची. पेटीची किल्ली गळ्यात. लेकरू मातीला दिलेल्या बाईला शहाणपण शिकवायला जाऊ नये. मी एकदा गेलो होतो, तिनं मला अंगणातून हाकललं. बरं केलं!

वर्ष सरत आलं. एका सकाळी नओमी उठली, डोळे चोळत चुलीपाशी आली आणि आईला म्हणाली, "आई, आशेलदादा भेतला."

"कुठं गं?"

"वल. लई मोथं अंगण हाय. गवत हाय. आजी पण हाय, ती काथी घेत नाई आता. दादा पलतोय. प्लभू त्याला म्हनतो, हलू पल, पदशील!"

इस्तेरची भाकरी तव्यावर करपली. ही आजी गेली तेव्हा नओमी पाळण्यात होती. काठी कुठून ठाऊक असणार तिला?

आता कुणी म्हणेल, बुवा, घरात कुणी बोललं असेल, पोरीनं ऐकलं असेल. असेल! मला विचारू नका खरं की खोटं. त्या लेकराच्या तोंडावर जे सुख होतं, ते खोटं नव्हतं, एवढं सांगतो.

आणि हे एकदा नाही झालं. दोन-चार दिवसांआड पोरगी उठायची नि सांगायची. आज दादानं पेरू खाल्ला. आज दादा प्रभूच्या मांडीवर झोपला. गावात बातमी कशी जाते? देवळातल्या पाळकसाहेबांनी जाहीर करावी लागते का? छे! नळावर दोन हंडे भरेपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं! बाया यायला लागल्या. "नओमी, आमच्या दादांना बघ गं." "नओमी, माझी रत्ना दिसली का?" कुणी बिस्किटं आणायचं, कुणी चिवडा. इस्तेरच्या ओट्यावर सतरंजी अंथरली गेली. इस्तेर बिचारी साधी, सगळ्यांना चहा करून करून दमली.

आणि त्याच अंगणात, समोरच्या चुलीपाशी, सगुणा बसलेली.

मंडळी, जरा तिच्या जागी बसून बघा. लेकरू कुणाचं? माझं. नऊ महिने कुणी वाहिलं? मी. मातीत कुणी ठेवलं? मी! आणि तो येतो कुणाच्या घरी? जावेच्या! मला स्वप्नात सुद्धा नाही! वर्षभर उशाशी त्याचा सदरा घेऊन झोपते मी — एकदा तरी ये रे! आणि हा जातो त्या शेंबड्या पोरीकडं!

जळली हो ती बाई. खरंच जळली. इस्तेरचा मत्सर केला, नओमीचा केला, आणि खाली मान घालून सांगतो, प्रभूचा पण केला. त्याच्या मांडीवर झोपतो म्हणे! माझी मांडी काय वाईट होती?

रोज सकाळी ती नओमीला धरायची. "आज आला होता?"

"हो."

"काय करत होता?"

"खेलत."

"माझं नाव काढलं का गं त्यानं? आई म्हणाला का एकदा तरी?"

पोर खरं बोलणारी. "नाई काकू. तो खेलतोय ना!"

झालं! दिवसभर भांडी आपटायची. इस्तेरनं हळूच म्हणावं, "आक्का, चहा घ्या." की ही फाडकन, "पाज तुझ्या पाव्हण्यांना! मोठी आलीय स्वर्गाची दारवान!"

आणि ह्या सगळ्यात तबिथा कुठं होती? बघा, तुम्ही पण विसरलात! मघाशी सांगितलं ना, सगुणाला दोन लेकरं. एक गेलं, म्हणजे एक राहिलं ना? हां! पण त्या घरात तो हिशेब कुणाच्या ध्यानातच नव्हता.

तबिथा होती. शाळेत जायची, येताना पाणी आणायची. संडेस्कूलमध्ये पाठांतरात पहिली. दर रविवारी सोनेरी वचन, म्हणजे बायबलातली एक ओळ, पाठ करायला द्यायचे तिथं, आणि ही एकदा ऐकलं की घडाघडा म्हणायची. बक्षीस घेऊन घरी आली की आई म्हणायची, "ठेव तिथं." आणि डोळे पेटीवर.

आता माझं पाप सांगतो. हो, माझं! तेव्हा मी त्याच गावात होतो. आठ दिवसांचं कीर्तन लावलं होतं तिथल्या मंडळीनं. पहिल्या दिवशी किती लोक आले? अकरा. आणि एक कुत्रं. त्यातले तिघं सायमनच्या सासुरवाडीचे! बाकी गाव कुठं? इस्तेरच्या ओट्यावर! तीस वर्षं घसा फोडून मी स्वर्ग सांगतोय, आणि लोक ऐकायला जातात चार वर्षांच्या बोबडीला, जिला र म्हणता येत नाही!

पोटात दुखलं हो माझ्या. कीर्तनकाराच्या! लपवू कशाला?

अशात सगुणा आली माझ्याकडं. डोळे लाल. म्हणाली, "बुवा, रविवारी साक्षीचा दिवस. माझ्या तबिथाला पण दिसतो आशेर. ती साक्ष देईल."

साक्ष म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते देवळात उभं राहून सांगायचं. तिथं खोटं चालत नाही. मी सगुणाच्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं, काहीतरी शिजतंय. विचारायला हवं होतं — बाई, खरं का? पण आतून मत्सर बोलला. म्हणलं, बरंय! दोन पोरी झाल्या म्हणजे त्या एकीचा ओटा रिकामा होईल. मोठ्यानं म्हणालो, "देऊ द्या की!"

आणि सगुणानं काय केलं? धुण्याच्या दगडापाशी तबिथाला समोर बसवलं. संडेस्कूलचं वचन पाठ करून घ्यावं, तसं स्वर्गाचं दर्शन पाठ करून घेतलं!

"म्हण — मी आशेरला पाहिलं."

"मी आशेरला पाहिलं."

"तो पांढऱ्या कपड्यांत होता. तो म्हणाला, माझ्या आईला सांग, मला तिची लई आठवण येते. म्हण!"

पोरगीनं म्हटलं. दोनदा, चारदा. सगुणा शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती — माझ्या आईला सांग, मला तिची लई आठवण येते — आणि धुणं बाजूला ठेवून ऐकत होती. स्वतः रचलेलं, आणि स्वतःच रडत होती. काय म्हणावं ह्या जिवाला! वर्षभरात तिनं पहिल्यांदा तबिथाच्या पाठीवरनं हात फिरवला. "शाब्बास गं माझी बाय!"

तबिथाला किती बरं वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

रविवार उजाडला. देऊळ गच्च. चपलांचा ढीग पार पायरीपर्यंत. बायकांच्या बाजूला पुढं सगुणा, पदर घट्ट ओढून. चार हात सोडून इस्तेर, मांडीवर नओमी. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?"

तबिथा उठली. हात मागं बांधून, पाठांतराला उभी राहते तशी.

"मी आशेरला पाहिलं. तो पांढऱ्या कपड्यांत होता. तो म्हणाला —"

आणि थांबली.

सगुणा ओठ हलवतेय. माझ्या आईला सांग! पोरगी आईकडं बघतेय. सगळं देऊळ बघतंय. कधी न अडखळणारी पोर ती! मी मनात म्हणतोय, बोल गं, बोल!

बोलली. पण पाठ केलेलं नाही.

"आई, आशेर मला दिसत नाही. एकदा पण नाही दिसला." मग अगदी साध्या आवाजात, "आई, तू रोज सकाळी नओमीला विचारतेस, आशेर काय करतो, काय खातो. मी पण तिकडं गेले, तर माझं पण विचारशील ना?"

मंडळी...

सायमन, थांब जरा. वाजवू नकोस.

माझ्या हातातली झांज कधी खाली गेली, मला कळलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. सात वर्षांचं लेकरू मरण मागत नव्हतं हो! ते आई मागत होतं. आणि आई मिळायची वाट त्याला तेवढी एकच दिसत होती!

सगुणा उठली. म्हणजे उठायला गेली, गुडघ्यांवर पडली, आणि तशीच रांगत त्या पोरीपाशी गेली. पोटाशी धरली. "नको गं! नको माझे बाय! इथंच विचारते! आत्ता विचारते! काय खाल्लंस तू सकाळी? सांग! काय खाल्लंस?"

तबिथा म्हणाली, "काही नाही. तू माझ्याकडनं पाठ करून घेत होतीस ना."

तशीच तिला कडेवर घेतली — सात वर्षांची पोर! — आणि बाहेर पडली. पायरीवर चपलांचा ढीग. सगुणा वाकली. ही उचल, ती उचल. ठेवून दे. अजून एक उचल. आणि मग ती थांबली, मंडळी. तिला लेकीची चप्पल ओळखू येईना! मेलेल्या पोराच्या बुटाचं आतलं कापड सुद्धा तिला पाठ होतं, आणि जिवंत पोर पायात काय घालते, ते ठाऊक नाही!

मागनं इस्तेर आली. ढिगातनं एक जोड काढला. अंगठा तुटलेला, तिथं सेफ्टी पिन लावलेली. "ही, आक्का. दिवाळीपासनं तुटलीय. मीच पिन लावून दिली."

ज्या जावेला दारवान म्हणाली, तिच्या हातची पिन! ती पिन बघून सगुणा पायरीवर बसली आणि वर्षाचं रडणं रडली. इस्तेर शेजारी बसली. नओमी मधे घुसली, नाक वाहतंय, तिला वाटलं काहीतरी खायला मिळणार!

त्याच दुपारी बाजारातनं तबिथाला नव्या चपला आल्या. आणि सगुणानं गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली. आशेरचे बूट बाहेर काढले. ह्या वेळी पुसले नाहीत. नओमीला जवळ बसवलं. बूट तिच्या पायात घातले, जरा सैल झाले, तर पुढं कापूस कोंबला. आणि म्हणाली, "पळ. मळू देत."

पोरगी सगळं अंगण पळाली. सगुणा मागनं म्हणत होती, "हळू पळ गं, पडशील!" आणि म्हणता म्हणता तिचा हात तोंडावर गेला. हे शब्द तिनं नओमीच्या तोंडून ऐकले होते.

तुम्ही विचाराल, नओमीला मग स्वर्ग दिसत राहिला का? नाही! बंद झाला. दोन-तीन आठवडे बाया बिस्किटं घेऊन आल्या, पोरगी बूट घालून पळून जायची. ओटा रिकामा झाला. माझ्या कीर्तनाला गर्दी झाली का? तेरा लोक! कुत्रं तेवढं आलं नाही.

हसा, हसा. आता माझ्याकडं बघा.

मी कसब्यांची गोष्ट सांगत होतो असं वाटलं तुम्हाला? मी तुमचं सांगत होतो. शेजारणीच्या घरी काय आलं, जावेला काय मिळालं, भावाच्या पोराचा नंबर कितवा आला — सगळं ठाऊक आहे तुम्हाला! आणि घरात जे तुमच्या तोंडाकडं बघत बसलंय, त्यानं सकाळी काय खाल्लं? सांगता येईल? मला पण नाही येत. म्हणून तर विचारतोय. सायमन, आता वाजव —

आपुल्याच घरी । उभे आहे कोणी ।
डोळ्यांतले पाणी । पूस आधी ॥

प्रार्थना करतो आणि तुम्हाला सोडतो. आता बाहेर गेलात की पायरीवर चपला शोधाल. स्वतःची घालायच्या आधी, आपल्या लेकराची शोधा. अंधार असला, घाई असली, तरी शोधा. कुणाला विचारायचं नाही. मी दाराशी उभा राहून बघणार आहे.