कंसातली बाई

(दक्षिण कोरियातलं समुद्रकाठचं गाव, नोव्हेंबरातला बुधवार, दुपार कलती. चर्चच्या मागच्या अंगणात किमचीसाठी मीठ लावलेल्या कोबीचे ढीग. बाकीच्या बायका आत जेवायला गेल्यात. ओक-बुन आणि तिचा मुलगा गी-ताए, या चर्चचा नवा धर्मशिक्षक, दोघंच कामावर राहिलेत.)

ओक-बुन: आज दुसरं काहीतरी शिकव बाबा. नोहाचं तारू शिकव.

गी-ताए: आई, गेल्या बुधवारी पियो आजोबांनी भर वर्गात विचारलं, योहानाच्या शुभवर्तमानात त्या व्यभिचारी बाईच्या गोष्टीला कंस का घातलेत. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी सांगतो. आता नोहा कुठून आणू?

ओक-बुन: घसा बसलाय म्हण.

गी-ताए: ते ठणठणीत आवाजात म्हणू? आणि मसाला पानाच्या बुडाशी लाव, वरवर काय फासतेयस? आठवडाभर तुझं हे असंच चाललंय. काल तांदूळ पाण्याविनाच शिजायला लावलेस.

ओक-बुन: तू नेमकं काय सांगणार आहेस? मला आधी सांग.

गी-ताए: जे आहे ते. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती गोष्ट नाही. भाषाही योहानाची वाटत नाही. काही प्रतींत तर ती लूकच्या शुभवर्तमानात सापडते. म्हणजे कुणीतरी ती मागाहून घातलीय, म्हणून कंस. खाली टीपेत छापलंय सगळं, लपवलेलं काही नाही.

ओक-बुन: मागाहून.

गी-ताए: हो.

ओक-बुन: मला वाटायचं, फार मोलाची म्हणून कुंपण घातलंय. इतकी वर्षं तसंच समजून वाचत आले मी.

गी-ताए: मोलाची नाही, असं कुठे म्हणतोय मी?

ओक-बुन: मग येशूनं त्या बाईला सोडलंच नाही का? दगड मारायला आलेली माणसं परत गेलीच नाहीत?

गी-ताए: तसं नाही गं. घडलंही असेल. लोकांच्या तोंडी राहिलं असेल. योहानानं लिहिलेलं नाही, एवढंच.

ओक-बुन: एवढंच म्हणे. पियो आजोबा एवढ्यावर थांबतील? ते म्हणतील, म्हणजे आपले यून पाळक चुकलेच की.

गी-ताए: यून पाळकांचा काय संबंध? ते जाऊनसुद्धा किती वर्षं झाली.

ओक-बुन: तो हातमोजा दे इकडे.

गी-ताए: आई.

ओक-बुन: तुझे बाबा तेव्हा बोटीवर होते, लांबच्या समुद्रात. दोन दोन वर्षं घरी येणं नाही. मी बर्फाच्या कारखान्यात जायची. तिथं एक ड्रायव्हर होता. तोंड असं करू नकोस, तुझा जन्म त्यानंतरचा. नाक बघ आरशात, बापाचंच आहे.

गी-ताए: मी काही बोललो का?

ओक-बुन: चर्चच्या मंडळीच्या पंचांनी मला समोर उभं केलं. प्रभुभोजन बंद, नाव कमी, असं ठरतच आलं होतं. पियो आजोबा त्या पंचांतलेच, तेव्हा चाळिशीतले, पण जीभ हीच. यून पाळकांनी वाद घातला नाही. त्यांनी ती गोष्ट काढली, निम्मी वाचली आणि पुस्तक पियो आजोबांपुढे सरकवलं. म्हणाले, ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा, इथून पुढचं तुम्ही वाचा.

गी-ताए: वाचलं त्यांनी?

ओक-बुन: उठून गेले. मग एकेक करून बाकीचेही गेले. मी या मंडळीत बसते ती त्या एका गोष्टीच्या जोरावर. दुसरं काही नाही माझ्याकडे. आणि आज माझाच मुलगा उभा राहून सांगणार, ती मागाहून घुसवलीय.

गी-ताए: म्हणजे त्यांनी मुद्दाम विचारलं.

ओक-बुन: इतक्या वर्षांत कधी त्या कंसावर बोट ठेवलं नव्हतं त्यांनी. तू शिकून आलास आणि ठेवलं. माझी झोप गेलीय रे. भीती वाटते मला.

गी-ताए: मला तू हे आधी का नाही सांगितलंस?

ओक-बुन: कुठल्या तोंडानं सांगू? ते जाऊ दे. घातली म्हणतोस ते नक्की ना? आधी होती आणि कुणी काढून टाकली, असं नसेल?

गी-ताए: एका जुन्या धर्मगुरूला तसं वाटायचं. बायका शेफारतील म्हणून नवऱ्यांनीच गाळली असावी, असं. पण पुरावा नाही, अभ्यासकांना ते पटत नाही. खोटा दिलासा नाही देणार तुला.

ओक-बुन: नकोच देऊस.

गी-ताए: एवढं मात्र खरं, की हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्या काहींना ठाऊक होतं, ही गोष्ट इथली नाही. शेजारी खुणा करून ठेवल्यात त्यांनी. तरी टाकवली नाही त्यांच्यानं.

ओक-बुन: टाकवली नाही.

गी-ताए: नाही. पण मरू दे ते, मी नोहाच शिकवतो. सरळ सांगतो, तयारी झाली नाही.

ओक-बुन: नको. तू तोंड चुकवलंस, की का चुकवलंस ते त्यांना बरोबर कळणार. खरं काय ते सांग.

गी-ताए: आणि त्यांनी विचारलं, मग या गोष्टीच्या नावावर ज्यांना सोडलं त्यांचं काय?

ओक-बुन: तर तू बोलू नकोस. मी उठेन.

गी-ताए: उठून काय सांगशील?

ओक-बुन: ते आत्ता नको विचारू. मला उभं राहवतं का, ते आधी बघू दे.