पंखा हळू करायचाय

हॅलो? हॅलो, चिमे… अगं, ताई बोलतेय. ऑफिसात आहेस का? पाच मिनिटं काढ ना… नाही, नाही, आई आहे तशीच आहे. मला कॉम्प्युटरचा पंखा हळू करायचाय.

हो, तोच… अगं ऐक ना! खोलला, ब्रश फिरवला, धूळ काढली. तरी गिरणी चालल्यासारखा घरघरतोय… काय? बंद करून चालू करू आणि डिलीट दाबत राहू? थांब… स्पीकरवर नको. खांद्यात धरते फोन.

हां, आलं. फॅन कंट्रोल… सापडलं. इथे 'फुल स्पीड' लिहिलंय…

हो. मीच केलंय.

नाही गं. तापून बंद पडतो म्हणून मागच्या महिन्यात पंखा कसा वाढवायचा ते तुला विचारलं ना, ते खोटं होतं, आणि आत्ताचं धुळीचंही… चिमे, आई सारख्या हाका मारायची. पाणी दे, कूस बदल, किती वाजले, कोण आलं. माझ्या पाठीमागेच तिचा पलंग, आणि मी इथे लोकांच्या घरांचे प्लॅन काढत बसलेली. एकदा तर एका बंगल्याला जिना काढायचाच विसरले. हसू नकोस… म्हणून पंखा वाढवला. आजारपणात तिचा आवाज आधीच एवढासा झालेला, तो ऐकूच येईना. बरं वाटलं मला. तुझ्याशी कशाला लपवू?

नाही, आत्ता तिला ऐकू जात नाहीये. या घरघरीत काय ऐकू जाणार!

काल नर्सबाई आल्या होत्या… आईच्या पाठीला जखम झालीय. तळहाताएवढी. सारखी उताणी पडून पडून… अगं, ओरडू नकोस. ओरड. ओरड, माझी चूकच आहे.

रडत नाहीये… बरं, रडतेय. पुढे सांग. तापमानाच्या आलेखातले हे ठिपके खाली ओढू? चाळीस डिग्रीला तीस टक्के… हो, हो, ऐंशीला शंभरच ठेवते, एवढी काही वेडी नाही मी. एफ टेन… सेव्ह, हो.

चालू होतोय… अगं बाई! किती शांत झालं. पलीकडच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येतंय मला.

थांब हं. आई काहीतरी म्हणतेय… काय गं आई?… हो, झालं… काय?… आई, असं कशाला गं…

चिमे… आहेस ना? ती विचारतेय, 'आज काम लवकर संपलं का?'… अगं, तिला वाटायचं, मशीन एवढं घरघरतंय म्हणजे माझं काम मोठं आहे, मध्ये बोलू नये. हाका मारतच नव्हती ती. महिनाभर… ते थांबायची वाट बघत पडून राहायची.

नाही, आत्ता नको बोलूस काही. ठेवते. तिला कुशीवर घ्यायचंय.