दोन मिनिटांचं मनोगत

कोंडीराम : रसिकहो! आज या रंगमंचावर मी एकटा उभा नाही. माझ्या मागे अख्खं गिरणगाव उभं आहे!

कालिंदी : मागे स्टोव्ह आहे. धोतराचा सोगा आवरा, पेटेल.

कोंडीराम : कालिंदे, मनोगतात मध्ये बोलायचं नसतं. उद्या तिथं फक्त दोन मिनिटं देणार आहेत. जरा जास्त झालं की वाजंत्री सुरू करतात.

कालिंदी : लग्नात तरी मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबतात. पण बक्षीस कुणाला ते उद्या पाकीट फोडल्यावर कळणार ना?

कोंडीराम : पाकीट फोडतील तेव्हा फोडतील. चॅनेलच्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, काका, तुम्ही नक्की येणार असाल तर सहायक अभिनेता तुम्हीच. येणार नसाल तर आमच्याकडे आणखी एक आजोबा आहेत.

कालिंदी : म्हणजे हजेरीचं बक्षीस.

कोंडीराम : अभिनयाचं! सव्वा वर्ष त्या मालिकेत खाटेवर पडून खोकतोय मी. महाराष्ट्र हळहळतो.

कालिंदी : खोकला गिरणीतल्या कापसाचा आहे. तुमचा त्यात अभिनय कुठला? गिरणीचे आभार माना.

कोंडीराम : आभारांचा क्रम चॅनेलनं लिहूनच दिलाय. आधी प्रायोजक, केशतेलवाले.

कालिंदी : केशतेल? आणि आभार तुम्ही मानणार? या डोक्यानं?

कोंडीराम : टोपी घालणार आहे. मग चॅनेल, मग दिग्दर्शक, मग आईवडील, मग तू. ऐक. 'माझ्या संघर्षाच्या काळात माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलेली माझी अर्धांगिनी...'

कालिंदी : उभी कुठली? बसले होते मी. संपाचं अख्खं वर्ष इथं पाट टाकून खानावळीच्या चपात्या लाटल्या. गुडघे तेव्हाच गेले. 'उभी' काढा.

कोंडीराम : 'खंबीरपणे बसलेली' असं कुणी म्हणत नाही गं.

कालिंदी : मग मलाच काढा. माझ्या जागी शेजारच्या दगडूभाऊजींचं नाव घाला.

कोंडीराम : त्याचं नाव नको.

कालिंदी : का नको? कामगार रंगभूमीवर एवढी नाटकं केलीत, विंगेत पुस्तक धरून कोण उभं असायचं? तुम्हाला जन्मात दोन वाक्यं सलग पाठ झाली होती?

कोंडीराम : तो संपात कामावर गेला. अख्खी चाळ गेटाबाहेर, आणि हा मान खाली घालून आत.

कालिंदी : गेला. आणि चाळीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पण गणपतीत नाटक आलं तसं विंगेत पुन्हा त्यालाच उभं केलंत. त्याच्याकडून सगळे शब्द घेतलेत, त्याला एक दिला नाहीत.

कोंडीराम : नाटकाचा प्रश्न वेगळा, तत्त्वाचा वेगळा.

कालिंदी : वीस वर्षं होऊन गेली. ज्या गिरणीपायी भांडलात ती गिरणीसुद्धा गेली.

कोंडीराम : संप अजून कुणी मागे घेतलेला नाही. मग अबोला मी एकट्यानं कसा मागे घ्यायचा?

कालिंदी : तुमचं तुम्ही बघा. मी बोलावलंय त्यांना. या भाऊजी, उंबऱ्यात का थांबलात? उद्याचं भाषण आहे यांचं, पाठ होत नाहीये.

दगडू : कागद द्या वहिनी.

कोंडीराम : कालिंदे, त्याला म्हणावं, हळू सांग. नाहीतर पहिल्या रांगेला ऐकू जातं.

दगडू : वहिनी, त्यांना म्हणावं, हळूच सांगतो. त्यांना तीनदा सांगावं लागतं म्हणून जातं ऐकू.

कालिंदी : एवढीशी खोली, आणि मध्ये मी टपाल वाटतेय.

कोंडीराम : 'रसिकहो, ज्यांच्या केशतेलानं...'

दगडू : '...मराठी माणसाची मान...'

कोंडीराम : '...मराठी माणसाची मान...'

दगडू : '...उंचावली...'

कोंडीराम : '...उंचावली, त्या प्रायोजकांचा मी जन्मभर ऋणी आहे.' बरं झालं का, विचार त्याला.

दगडू : वहिनी, सांगा, 'ऋणी'वर खोकू नका. आणि हा कार्यक्रम आहे कुठे?

कालिंदी : तुमच्याच गिरणीच्या जागेवर. सायझिंग खातं होतं ना, तिथं हॉल झालाय म्हणे. थंड हवेचा.

दगडू : म्हणजे त्याच गेटातून जाणार.

कोंडीराम : कालिंदे, त्याला सांग, मला रीतसर बोलावणं आहे.

दगडू : वहिनी, बोलावणं मलाही होतं. संपात गिरणीचा मुकादम घरी येऊन बसला होता.

कालिंदी : ...चहाची साखर संपलीय. वाण्याकडे जाऊन येते.

कोंडीराम : अगं, डबा भरलेला आहे की! तो बघ, समोर.

कालिंदी : मला दिसत नाही. तोवर एकमेकांना काय सांगायचंय ते आपापल्या तोंडानं सांगा.

(कालिंदी दार ओढून घेऊन जाते.)

कोंडीराम : 'रसिकहो, आणखी एका माणसाचे आभार राहिले. तो तुम्हाला कधी दिसला नाही...'

दगडू : हे कागदावर नाही.

कोंडीराम : '...हँडबिलावर त्याचं नाव कधी छापलं नाही. पण आज मी ते घेणार आहे. त्याचं नाव...'

दगडू : घ्यायचं नाही.

कोंडीराम : का रे?

दगडू : टीव्हीवर घेतलंस की लोक विचारणार, हा कोण? चाळ सांगणार, संपात आत गेला तो. आत्ता कुठं विसरत आलेत. घरात नवी सून आलीय. तिला काही ठाऊक नाही.

कोंडीराम : मी चांगलंच बोलणार होतो.

दगडू : चांगलं बोलायला टीव्ही कशाला पाहिजे? भिंतीला भिंत लागून राहतो मी.

कोंडीराम : हो.

दगडू : मग बोल.

कोंडीराम : काय बोलू?

दगडू : आता हेसुद्धा मीच सांगायचं?

कोंडीराम : एकदम आठवत नाही रे. सुरुवात दे.

दगडू : 'दगड्या...'

कोंडीराम : दगड्या...

दगडू : 'तुझी आई अंथरुणावर होती...'

कोंडीराम : तुझी आई अंथरुणावर होती. दोन दिवस तुझ्याकडे चूल पेटली नव्हती. मला माहीत होतं.

दगडू : 'माहीत होतं' मी सांगितलं नाही.

कोंडीराम : ते माझं आहे. भिंतीला भिंत. धूर येत नाही हे कळतं माणसाला. तरी गेटावर 'हाय हाय' ओरडणाऱ्यांत मी पुढे होतो.

दगडू : आवाज ओळखला होता मी. तेवढी एकच ओळ बिनचूक म्हटलीस तू, माझ्याशिवाय.

कोंडीराम : दगड्या, उद्या चल माझ्याबरोबर. दोन पास आहेत. कालिंदीचे गुडघे दुखतात, ती येत नाही.

दगडू : त्या गेटातून मी एकदा गेलो, तेवढं पुरे. तू जा. एक सांगतो, आत शिरताना खाली बघत जायचं. कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही.

कोंडीराम : आता तिथं बाहेर कोण उभं असणार?

दगडू : कुणी नसेल. तरी वाटतं.

कोंडीराम : मग मी करू तरी काय तुझ्यासाठी? बक्षीस आणून तुझ्या फळीवर ठेवू? चाळीची सभा बोलावू? सांग. वीस वर्षांत काही मागितलं नाहीस, आज काय वाटेल ते माग.

दगडू : मागू?

कोंडीराम : बिनधास्त.

दगडू : वहिनींच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून राहिलं. रोज सकाळी ती तुझी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी पिळून माझ्या खिडकीसमोर टाकतोस, ती जरा पलीकडच्या दोरीवर घालत जा.